अण्वस्त्रांच्या निधीवरची वादविवाद संचिका : आमच्या तालुका वाचनालयाच्या एका सेवेचे परीक्षण

हिंगोली जिल्ह्यातील आमच्या तालुका वाचनालयाने वादविवाद स्पर्धांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विषयवार संचिका देण्याची सेवा सुरू केली असून, तिच्यातील सर्वांत जाड आणि माझ्या मते सर्वांत मोलाची संचिका ‘नव्या अण्वस्त्र कार्यक्रमांना सार्वजनिक निधी द्यावा’ या प्रस्तावावरची आहे. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि वादविवाद संघाची तयारीही माझ्याकडेच असते. या संचिकेवर विद्यार्थ्यांबरोबर बसून काम केल्यानंतर ती कोणी घ्यावी, तिच्यातून काय मिळते आणि ती कुठे तोकडी पडते, हे सविस्तर लिहावेसे वाटले.

सेवेचे स्वरूप साधे आहे. २०० रुपये अनामत भरून संचिका सात दिवसांसाठी घरी नेता येते, परत करताना अनामत पूर्ण मिळते, आणि अभ्यासिकेत बसून वाचणाऱ्याला काहीच द्यावे लागत नाही. नाडीने बांधलेल्या पुठ्ठ्याच्या फायलीत खर्चाचे आकडे, प्रस्तावाच्या बाजूचे मुद्दे, विरोधातील मुद्दे आणि भारताची स्थिती असे चार भाग आहेत, तर शेवटच्या कप्प्यात मूळ इंग्रजी अहवालांतील निवडक पानांच्या झेरॉक्स प्रती ठेवल्या आहेत. मराठी टिपणे ग्रंथपाल मॅडमनी स्वतः लिहिली आहेत आणि प्रत्येक आकड्यासमोर तो कोणत्या संस्थेच्या, कोणत्या वर्षाच्या अहवालातून घेतला, याची नोंद समासात केली आहे. ‘ब’ वर्गाच्या वाचनालयाला मिळणारे अनुदान आणि तेथील कर्मचाऱ्यांची संख्या ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या समासातील नोंदींमागची मेहनत सांगावी लागणार नाही.

मराठवाड्यातील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत अणुबॉम्ब हा विषय नवा नाही. एक वक्ता हिरोशिमावर बोलतो, दुसरा पोखरणवर बोलतो, टाळ्या दोघांनाही पडतात, परंतु सभागृहाने नेमके काय ठरवायचे आहे हा प्रश्न बाजूलाच राहतो. निधीचा प्रश्न मात्र सभागृहाला टाळता येत नाही. अमुक क्षेपणास्त्रासाठी, अमुक वर्षी, इतकी रक्कम मंजूर करायची की नाही, अशा नेमक्या रूपात तो दर अर्थसंकल्पाबरोबर पुन्हा समोर येतो आणि त्या क्षणी नकार देणे खरोखर शक्य असते. ही जाणीव ठेवून रचलेले साहित्य मराठीत माझ्या पाहण्यात फार कमी आले आहे, आणि या संचिकेचे खरे बळ तेथेच आहे.

पहिल्या भागाचा कणा म्हणजे अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, अर्थसंकल्प कार्यालयाने एप्रिल २०२५मध्ये दिलेला अंदाज. अमेरिकेचाच आधार घेण्याचे कारण उघड आहे: अण्वस्त्रांवरील खर्चाचा इतका तपशीलवार हिशेब इतर कोणताही अण्वस्त्रधारी देश प्रसिद्ध करत नाही. या अंदाजानुसार २०२५ ते २०३४ या दहा वर्षांत अमेरिकेच्या अण्वस्त्र दलांवर ९४६ अब्ज डॉलर, म्हणजे वर्षाला सरासरी ९५ अब्ज डॉलर, खर्च होतील. त्याच कार्यालयाने दोनच वर्षांपूर्वी, २०२३ ते २०३२ या काळासाठी, ७५६ अब्ज डॉलरचा अंदाज दिला होता; म्हणजे वाढ सुमारे २५ टक्क्यांची आहे. संचिकेत ही एकूण रक्कम फोडून दाखवली आहे. आजची आणि पुढे येणारी दले चालवणे आणि सांभाळणे यासाठी ३५७ अब्ज, नवी क्षेपणास्त्रे, पाणबुड्या, विमाने आणि वॉरहेड (क्षेपणास्त्रावर बसवायचा अणुस्फोटक भाग) यांसाठी ३०९ अब्ज, प्रयोगशाळा व कारखान्यांच्या नूतनीकरणासाठी ७२ अब्ज, नियंत्रण, संदेशवहन आणि पूर्वसूचना यंत्रणांसाठी ७९ अब्ज, आणि उरलेले १२९ अब्ज हे खर्च फुगेल असे गृहीत धरून कार्यालयाने स्वतःच वाढवून ठेवलेले.

या तक्त्यावर विद्यार्थ्यांनी पुरेसा वेळ द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण दोन्ही बाजूंचे वक्ते येथेच घसरतात. विरोधी बाजूचा वक्ता ‘हे ९४६ अब्ज डॉलर वाचवून शाळा आणि दवाखाने बांधा’ असे म्हणतो. परंतु त्यातील एक तृतीयांशाहून अधिक रक्कम दले चालवण्यासाठी आणि सांभाळण्यासाठीच लागणार आहे आणि नवे काहीही न घेतले तरी तिच्यातील मोठा भाग वाचत नाही. समर्थक वक्ता ‘हा खर्च ठरलेला आणि हिशेबात बसवलेला आहे’ असे म्हणतो. परंतु १२९ अब्जांची ती शेवटची ओळ त्याचे म्हणणे खोडून काढते. आजवरच्या अनुभवावरून अशा कार्यक्रमांचा खर्च मंजूर अंदाजाच्या पुढे जातोच, असे खर्चाचे मोजमाप करणारे कार्यालयच मानते, आणि ही गोष्ट कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलकी आहे.

याच भागात एक पान रुपयांचे आहे. डॉलरला ८५ रुपये हा दर धरून ग्रंथपालांनी दाखवले आहे की अमेरिकेचा अण्वस्त्र दलांवरील एका वर्षाचा सरासरी खर्च सुमारे ८ लाख कोटी रुपये होतो, तर भारताचा २०२५-२६चा संपूर्ण संरक्षण अर्थसंकल्प ६.८१ लाख कोटी रुपयांचा आहे. तुलना बरोबर आहे आणि ऐकणाऱ्याला ती लगेच समजते. तरीही अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून एक सावधगिरी सुचवावीशी वाटते: विनिमय दराने केलेल्या रूपांतरात दोन्ही देशांतील मजुरीचे आणि किमतींचे अंतर नाहीसे होते, त्यामुळे ही तुलना आकारमान कळण्यासाठी वापरावी, युक्तिवादाचा पाया म्हणून नव्हे. त्याच पानाच्या तळाशी मात्र एक सरळ चूक राहिली होती. एका ठिकाणी १४१ अब्ज डॉलरचे ‘१४१ कोटी’ झाले होते. एक अब्ज म्हणजे १०० कोटी; परीक्षक जागा असेल तर एवढ्या एका चुकीवर स्पर्धा हातची जाऊ शकते. ती दाखवून दिल्यावर मॅडमनी लगेच पेन्सिलीने दुरुस्ती केली, पण आधी वाटल्या गेलेल्या झेरॉक्स प्रतींत ती तशीच आहे, याची नोंद प्रती वापरणाऱ्यांनी घ्यावी.

ही १४१ अब्जांची रक्कम ज्या कार्यक्रमाची आहे, त्या ‘सेंटिनल’वरची सहा पाने हा संचिकेतील सर्वोत्तम मजकूर आहे. जमिनीवरून सोडण्याची ‘मिनिटमन-३’ ही आंतरखंडीय क्षेपणास्त्रे १९७०पासून सेवेत आहेत, आणि त्यांच्या जागी सेंटिनल आणण्याचे ठरले आहे. अशी ४०० क्षेपणास्त्रे वायोमिंग, माँटाना, नॉर्थ डकोटा, नेब्रास्का आणि कोलोरॅडो या पाच राज्यांत शेतांमध्ये आणि माळरानावर विखुरलेल्या ४५० सायलोंत, म्हणजे क्षेपणास्त्र ठेवण्याच्या आणि सोडण्याच्या भूमिगत विहिरींत, तैनात राहतात. बोइंग कंपनीने २०१९मध्ये स्पर्धेतून माघार घेतली. प्रतिस्पर्धी नॉर्थ्रॉप ग्रमनने घनइंधन रॉकेट मोटारी बनवणारी ऑर्बिटल एटीके ही कंपनी विकत घेतल्यामुळे स्पर्धा बरोबरीची राहिली नाही, असे बोइंगचे म्हणणे होते. पुढे सप्टेंबर २०२०मध्ये एकमेव उरलेल्या नॉर्थ्रॉप ग्रमनला १३.३ अब्ज डॉलरचे विकासाचे कंत्राट मिळाले.

हे पान वाचत असताना आमच्या संघातील एका विद्यार्थिनीने, जिचे वडील बंधाऱ्यांची आणि गावरस्त्यांची कामे घेतात, मला विचारले, ‘सर, टेंडरला एकच गुत्तेदार आला तर आपल्याकडं पहिल्यांदा फेरनिविदा काढतेत. मग यांनी का नाही काढली?’ अण्वस्त्रांच्या निधीवर मी ऐकलेल्या प्रश्नांपैकी हा सर्वांत नेमका प्रश्न होता. गावच्या बंधाऱ्याला जो नियम लागतो, तो पृथ्वीवरील सर्वांत विध्वंसक शस्त्राच्या खरेदीला तितक्या सहजपणे लागत नाही, कारण त्या खरेदीत पर्यायी गुत्तेदार तयार करायलाच दहा-पंधरा वर्षे लागतात आणि तोवर जुने शस्त्र म्हातारे होत राहते. निकड हाच तेथे स्पर्धा टाळण्याचा आधार बनतो. संचिकेत हे इतक्या शब्दांत लिहिलेले नाही, पण तिच्यातील तारखा एकापुढे एक ठेवल्या की हाच निष्कर्ष निघतो.

पुढचा भाग अधिकच उद्बोधक आहे. अमेरिकेत नन-मॅकर्डी नावाचा कायदा आहे. शस्त्रखरेदीच्या एका नगाचा खर्च ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की संरक्षण खात्याने काँग्रेसला कळवायचे, आणि वाढ गंभीर श्रेणीतील असेल तर कार्यक्रम रद्द होणार असे गृहीत धरायचे. तो चालू ठेवायचा असेल तर राष्ट्रीय सुरक्षेसाठी तो अत्यावश्यक आहे आणि त्याला कमी खर्चाचा पर्याय नाही, असे संरक्षणमंत्र्याने लेखी प्रमाणित करायचे. सेंटिनलने जानेवारी २०२४मध्ये ही गंभीर मर्यादा ओलांडली. जुलै २०२४मध्ये खात्याने २०२०च्या अंदाजाहून ८१ टक्के जास्त, म्हणजे सुमारे १४१ अब्ज डॉलरचा नवा अंदाज मांडला आणि त्याच वेळी कार्यक्रम सुरू ठेवण्याचे प्रमाणपत्रही दिले. खर्च वाढण्याचे मुख्य कारण क्षेपणास्त्र नव्हते. सायलो, प्रक्षेपण केंद्रे आणि त्यांना जोडणाऱ्या केबल, म्हणजे निव्वळ बांधकाम, हे होते. जुने सायलो दुरुस्त करून वापरता येतील हे गृहीतकही पुढे टिकले नाही आणि २०२५मध्ये हवाई दलाने बहुतांश नवे सायलो खणावे लागतील असे सांगितले.

रद्द होणे हाच ज्या कायद्याचा नियम आहे आणि चालू ठेवणे हा अपवाद आहे, त्या कायद्याखालीही कार्यक्रम वाचला. यावरून समर्थकांनी असे म्हणावे की गरज खरोखरच तेवढी मोठी आहे. विरोधकांनी असे म्हणावे की एकदा पैसा सुरू झाला की थांबवण्याची दारे कागदावरच राहतात. दोन्ही युक्तिवाद याच पानांतून उभे राहतात. माझे स्वतःचे मत दुसऱ्या बाजूचे आहे, आणि ते लपवून परीक्षण लिहिणे मला योग्य वाटत नाही.

तरीही निराशेची टोकाची भूमिका घेणाऱ्यांना संचिका योग्य उत्तर देते, आणि त्यासाठी तिच्यात ‘थांबवलेले कार्यक्रम’ असे एक स्वतंत्र टिपण आहे. जमिनीखाली खोलवर शिरून फुटणाऱ्या अण्वस्त्राचा अभ्यास बुश प्रशासनाला हवा होता, परंतु प्रतिनिधीगृहातील संबंधित विनियोजन उपसमितीचे अध्यक्ष डेव्हिड हॉब्सन यांनी, स्वतः राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे असूनही, त्याचा निधी अडवला आणि २००५मध्ये प्रशासनाने मागणी सोडून दिली. जुन्या वॉरहेडऐवजी ‘विश्वासार्ह पर्यायी वॉरहेड’ तयार करण्याच्या योजनेचा निधी काँग्रेसने २००८च्या आर्थिक वर्षासाठी नाकारला आणि ओबामा प्रशासनाने २००९मध्ये ती संपवली. याच्या उलट दिशेचे उदाहरणही दिले आहे: समुद्रातून सोडण्याचे अण्वस्त्रधारी क्रूझ क्षेपणास्त्र २०१८च्या धोरणात मांडले गेले, बायडेन प्रशासनाने २०२२मध्ये ते रद्द केले, पण काँग्रेसने निधी देणे चालूच ठेवले आणि कायद्याद्वारे तो कार्यक्रम पुन्हा उभा केला. निधीची चावी विधिमंडळाच्या हाती असते आणि ती दोन्ही बाजूंनी फिरते, हे या तीन उदाहरणांतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकातून होणार नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी हे टिपण वहीत उतरवून घेतले.

प्लुटोनियमच्या गाभ्यांवरचे टिपण त्या मानाने थोडे अवघड आहे, परंतु ते सोडू नये. ‘पिट’ म्हणून ओळखला जाणारा हा गाभा वॉरहेडच्या पहिल्या स्फोटाच्या केंद्रस्थानी असतो. कोलोरॅडोतील रॉकी फ्लॅट्सच्या कारखान्यात तो तयार होत असे. पर्यावरणविषयक गुन्ह्यांच्या तपासासाठी तेथे १९८९मध्ये एफबीआयचा छापा पडला आणि त्यानंतर मोठ्या प्रमाणावरील उत्पादन बंद झाले. आता कायद्याने २०३०पर्यंत वर्षाला ८० पिट तयार करण्याची क्षमता मागितली आहे, त्यांपैकी ३० न्यू मेक्सिकोतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत आणि ५० साउथ कॅरोलायनातील सव्हाना रिव्हरला. ती मुदत पाळता येणार नाही हे अमेरिकी ऊर्जा खात्यानेच मान्य केले आहे. सव्हाना रिव्हरची जी इमारत यासाठी बदलायची आहे, ती मुळात शिल्लक प्लुटोनियमचे अणुभट्ट्यांसाठी इंधन करण्याकरिता बांधली जात होती आणि अब्जावधी डॉलर खर्चून २०१८मध्ये ते काम सोडून देण्यात आले. सप्टेंबर २०२४मध्ये तेथील संघीय न्यायालयाने, दोन ठिकाणी उत्पादन करण्याच्या निर्णयाचे पर्याय आणि पर्यावरणीय परिणाम नीट तपासले नाहीत, असा निकाल दिला. मग नवे पिट हवेत तरी कशासाठी? येथे संचिका अतिशय प्रामाणिक आहे. सरकारला सल्ला देणाऱ्या ‘जेसन’ या शास्त्रज्ञगटाने २००६च्या अभ्यासात बहुतेक पिटचे आयुष्य किमान १०० वर्षे असल्याचा निष्कर्ष काढला होता, आणि त्याच गटाने २०१९मध्ये उत्पादन शक्य तितक्या लवकर पुन्हा सुरू करावे असा सल्ला दिला. ही दोन्ही मते तिने शेजारीशेजारी ठेवली आहेत. विद्यार्थ्याला सोयीचे तेवढे उचलण्याची संधीच राहत नाही.

आता उणिवांकडे वळतो. सर्वांत मोठी उणीव अशी की प्रस्तावाच्या बाजूचा भाग विरोधातील भागाच्या तुलनेत फारच तोकडा आहे. त्यात चीनच्या अण्वस्त्रांची संख्या आहे, रशियाची आहे, आणि ‘शेजारी देश थांबत नाहीत’ अशा अर्थाची काही वाक्ये आहेत. एवढ्यावर समर्थक संघाला उभे करणे अन्यायाचे होईल. माझ्या मते या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद असा आहे: प्रश्न नवी अण्वस्त्रे वाढवण्याचा नसून जुनी निकामी होऊ देण्याचा आहे. अमेरिकेच्या अण्वस्त्रवाहू ओहायो वर्गाच्या पाणबुड्यांच्या सांगाड्यांचे आयुष्य संपत आले आहे आणि त्यांच्या जागी १२ कोलंबिया वर्गाच्या पाणबुड्या वेळेत आल्या नाहीत, तर कोणत्याही कराराशिवाय, समोरच्याकडून काहीही न मिळवता, एकतर्फी कपात घडेल. अमेरिका आणि रशिया यांच्यातील, अण्वस्त्रांच्या संख्येवर मर्यादा घालणाऱ्या न्यू स्टार्ट कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६पर्यंतचीच होती आणि रशियाने फेब्रुवारी २०२३मध्येच त्यातील सहभाग स्थगित केला होता. चीनच्या वाळवंटी भागातील सायलोंची विस्तीर्ण क्षेत्रे २०२१मध्ये उपग्रहचित्रांतून उघड झाली. शस्त्रास्त्रांचा अभ्यास करणाऱ्या स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२५मध्ये चीनकडे सुमारे ६०० वॉरहेड होते. कौशल्याचा मुद्दाही आहे: ब्रिटनने व्हॅनगार्ड पाणबुड्या बांधल्यानंतर मध्ये खंड पडू दिला आणि पुढच्या अॅस्ट्यूट वर्गाच्या बांधणीत त्याची किंमत विलंबाच्या आणि वाढीव खर्चाच्या रूपाने मोजली. शिवाय जपान आणि दक्षिण कोरिया यांचा अमेरिकी संरक्षणावरचा विश्वास उडाला, तर ते स्वतःच अण्वस्त्रांकडे वळतील आणि जगातील अण्वस्त्रधारी देशांची संख्या वाढेल. हे सर्व मांडणारा समर्थक वक्ता हरवायला कठीण आहे, आणि तसा तो असायलाच हवा. नाहीतर वादविवादाला काय अर्थ राहिला?

याच्याशी जोडलेली दुसरी उणीव म्हणजे, जुन्या शस्त्राच्या जागी तशाच कामाचे शस्त्र आणणे आणि पूर्वी नसलेली मारक क्षमता नव्याने निर्माण करणे, या दोन गोष्टी संचिकेतील तक्त्यांत एकत्र झाल्या आहेत. कोलंबिया पाणबुडी पहिल्या प्रकारात मोडते, समुद्रातून सोडायचे क्रूझ क्षेपणास्त्र दुसऱ्या प्रकारात. प्रस्तावात ‘नव्या कार्यक्रमांना’ असा शब्दप्रयोग असताना ही विभागणी केल्याशिवाय वाद सरळ चालणार नाही. पाणबुड्यांना पाठिंबा देऊन जमिनीवरील क्षेपणास्त्रांना विरोध करणारी भूमिकाही असू शकते आणि ती प्रतिष्ठित आहे. अमेरिकेचे माजी संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी २०१६मध्ये ती जाहीरपणे मांडली होती. जमिनीवरील क्षेपणास्त्रांचे ठिकाण शत्रूला ठाऊक असते, त्यामुळे हल्ल्याची सूचना मिळताच ती सोडण्याचा दबाव राष्ट्राध्यक्षांवर काही मिनिटांत येतो, आणि सूचना खोटी निघाली तर सोडलेले क्षेपणास्त्र परत बोलावता येत नाही, हे त्यांचे म्हणणे. संचिकेत पेरींचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे. त्याला किमान एक पान हवे होते.

तिसरी उणीव शेवटच्या खर्चाची. अर्थसंकल्प कार्यालयाच्या ९४६ अब्जांत जुन्या उत्पादनाने दूषित झालेल्या जागांच्या सफाईचा खर्च धरलेला नाही, हे संचिकेत सांगितलेले नाही. वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड या एका जागेच्या सफाईचा उरलेला खर्च अमेरिकी ऊर्जा खात्याने २०२२मध्ये ३०० ते ६४० अब्ज डॉलरच्या दरम्यान धरला होता. ज्या कारखान्यात नागासाकीवरील बॉम्बचे प्लुटोनियम तयार झाले, त्याचे बिल ८० वर्षांनंतरही भरून होत नाही, आणि ते भरणाऱ्या पिढीला तेव्हा कोणी विचारलेले नव्हते. निधीच्या प्रश्नावर माझे मत ज्या एका बाबीने पक्के केले, ती हीच आहे. आज मंजूर होणारी रक्कम म्हणजे खर्चाचा पहिला हप्ता असतो, आणि पुढच्या हप्त्यांची जबाबदारी आज मतदानाचा हक्क नसलेल्यांवर टाकली जाते.

चौथा भाग भारताचा, आणि तो मला सर्वांत अपुरा वाटला. १८ मे १९७४ची पहिली चाचणी, ११ आणि १३ मे १९९८च्या चाचण्या, ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर झालेले ‘प्रथम वापर नाही’ हे सूत्र असलेले धोरण, ११ मार्च २०२४ रोजी झालेली एकाहून अधिक वॉरहेड वाहणाऱ्या अग्नी-५ची चाचणी, ऑगस्ट २०२४मध्ये नौदलात दाखल झालेली अरिघात पाणबुडी, आणि सिप्रीचा सुमारे १८० वॉरहेडचा अंदाज, एवढी माहिती बरोबर दिली आहे. परंतु हा सारा घटनाक्रम झाला, निधीची चर्चा नव्हे. आपल्याकडे अण्वस्त्रांचा खर्च स्वतंत्र शीर्षाखाली दिसत नाही. अणुऊर्जा विभाग, संरक्षण संशोधन संस्था आणि सैन्यदले यांच्या मागण्यांत तो मिसळलेला असतो. लोकसभेत अनेक मंत्रालयांच्या अनुदान मागण्या वेळेअभावी चर्चेविनाच एकत्रित मतदानाने मंजूर होतात. म्हणजे ज्या प्रश्नावर हॉब्सन यांच्यासारखा सत्ताधारी खासदार अमेरिकेत अडून बसू शकला, तो प्रश्न आपल्या सभागृहात आकड्यांसह उभाच राहत नाही. गोपनीयतेची काही गरज मला मान्य आहे. वॉरहेडची रचना किंवा पाणबुडीचा मार्ग कोणीही मागत नाही. मात्र एकूण किती रक्कम, किती वर्षांसाठी, याची ढोबळ बेरीज संसदेला कळण्याने शत्रूच्या हाती काय पडते, हे समर्थकांनी पटवून द्यायला हवे.

या ठिकाणी संचिकेला आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण घेता आले असते. औंढा नागनाथजवळ उभ्या राहत असलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले, आणि तो प्रकल्प ज्या अणुऊर्जा विभागाच्या पुढाकाराने होतो आहे, त्याच विभागाखाली भाभा अणुसंशोधन केंद्रही येते. शुद्ध विज्ञानाच्या प्रकल्पाची रक्कम, जागा आणि कालावधी आपल्याला ठाऊक असतो, वर्तमानपत्रांत त्यावर लिहिले जाते, गावात चर्चा होते. एकाच विभागाच्या दोन प्रकारच्या खर्चांत उघडपणाचे एवढे अंतर का असावे, हा प्रश्न हिंगोलीच्या विद्यार्थ्याने विचारला तर राज्यपातळीवरील परीक्षकही थांबून ऐकेल. पुढच्या आवृत्तीत हे पान घालावे, अशी लेखी सूचना मी वाचनालयाच्या सूचनावहीत केली आहे.

भाषेबद्दल समाधान आहे. तांत्रिक मजकूर सरळ वाक्यांत आहे, ‘सायलो’, ‘वॉरहेड’, ‘पिट’ असे शब्द देवनागरीतच ठेवून पहिल्या वेळी त्यांचा अर्थ दिला आहे, आणि क्लिष्ट प्रतिशब्द घडवण्याचा मोह टाळला आहे. छपाई मात्र फिकट आहे. झेरॉक्स प्रतींमधील दोन आलेख तर वाचताच येत नाहीत, कारण मूळ रंगीत रेषा काळ्या-पांढऱ्या प्रतीत सारख्याच दिसतात. सात दिवसांची मुदतही या विषयाला कमी पडते. एका संघात वक्ते दोन, राखीव एक, आणि सगळ्यांनी तेवढ्यात वाचून मुद्दे काढायचे म्हटले तर घाई होते. बाहेरगावाहून एसटीने येणाऱ्या मुलांना संचिका परत करण्यासाठी कॉलेजचा एक दिवस बुडवावा लागतो, त्यामुळे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ती जमा करण्याची सोय झाली तर बरे होईल.

पाचपैकी चार गुण देताना जो एक गुण राखून ठेवला आहे, तो समर्थक बाजूच्या आणि भारताच्या अपुऱ्या पानांसाठी. वादविवादाच्या संघांनी ही संचिका जरूर घ्यावी. संघांखेरीज राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांनी आणि स्पर्धा परीक्षेच्या निबंधाची तयारी करणाऱ्यांनीही सेंटिनलची सहा पाने आणि ‘थांबवलेले कार्यक्रम’ हे टिपण अभ्यासिकेत बसून वाचावे. मूळ प्रत एकच आहे आणि स्पर्धांच्या दिवसांत मागणी वाढते, तेव्हा नाव आधी नोंदवून ठेवावे आणि झेरॉक्स प्रत घेतल्यास रुपयांच्या पानावरील १४१ अब्जांची दुरुस्ती मूळ प्रतीवरून ताडून घ्यावी.